मौन आणि मूकपण

‘मौन हे संमतीचे लक्षण’ असे आपण सहज म्हणून जातो. लग्नाच्या बोलण्यात मुलगी खाली मान घालून बसली, की वडीलमंडळी तिचा होकार गृहीत धरून मोकळी होत. घरात जे चालून गेले तेच पुढे इतिहासातही चालवले गेले. अमुक रूढीविरुद्ध कोणी तक्रार केल्याचे दफ्तरात आढळत नाही, सबब लोक तीत सुखी होते, असा युक्तिवाद आपण पुष्कळदा ऐकतो. या अनुमानाला आधार कितपत आहे, एवढाच प्रश्न आज मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आपल्या भाषेने या बाबतीत चांगला विवेक राखला आहे. मौन वेगळे आणि मूकपण वेगळे. बोलण्याची मुभा असून जो बोलत नाही त्याचे ते मौन. ज्याला बोलण्याची सोयच ठेवलेली नाही त्याचे ते मूकपण. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. परंतु पहिल्यात निश्चय असतो, तर दुसऱ्यात तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो.

प्रथम मौनाचे उदाहरण घेऊ. २ जून १९४७ हा सोमवार, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा वार. त्या दिवशी सकाळी माउंटबॅटननी पक्षनेत्यांपुढे फाळणीची योजना ठेवली आणि नंतर गांधीजी त्यांच्या भेटीस आले. म्हातारा आता काय बोलतो, या चिंतेत व्हाइसरॉय होते. गांधीजी बोललेच नाहीत. वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. व्हाइसरॉयला हायसे वाटले. आता या मौनाला संमती म्हणावयाचे काय? तसे म्हणता येणार नाही, कारण आपल्याला काही बोलावयाचे आहे पण ते आज नव्हे, असे त्याच कागदांवर लिहिलेले होते. पुढे १४ जूनला काँग्रेस महासमितीच्या बैठकीत, मनाविरुद्ध का होईना, योजना स्वीकारा असे गांधीजींनी सांगितले. पण ते उघड शब्दांत, भाषण करून. त्यांची संमती शोधावयाची असेल तर ती १४ जूनच्या भाषणात शोधावी, २ जूनच्या पाकिटांवर नव्हे.

मौन हा आरोपही होऊ शकतो. १९१७ साली अमेरिकेत ईस्ट सेंट लुइस येथे निग्रो वस्तीची कत्तल झाली. तिच्या निषेधार्थ २८ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून सुमारे १०,००० कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष व मुले चालत गेली. घोषणा नाही, गाणे नाही. दबलेल्या नगाऱ्यांचा तेवढा आवाज. काय म्हणावयाचे ते हातातील फलकांवर लिहिलेले होते. त्या शांततेला संमती समजण्याची चूक कोणाकडूनही होण्यासारखी नव्हती.

आता मूकपणाकडे वळू. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी चौदाएक वर्षांची मुलगी. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा सरळ सवाल तिने केला आणि डोक्यावर छप्पर नसता बाळंत होणाऱ्या बायांचे हालही सांगितले. ही शाळा निघाली नसती तर? तर हा निबंध नसता, आणि त्या दुःखाबद्दल कोणी तक्रार केली नाही, असे आपण आजही निर्धास्तपणे लिहीत राहिलो असतो. दुःख शाळेच्या आधीही होते. लेखणी तेवढी नव्हती.

तीच गोष्ट ताराबाई शिंद्यांची. सुरतेच्या एका विधवेवरील बालहत्येच्या खटल्यावरून समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली जात असता, बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. जोतीरावांनी तिचा कैवार घेतला, तरी पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. मधल्या ९३ वर्षांत ताराबाई गप्प नव्हत्या. त्यांचे शब्द छापील होते. बहिरेपण आपल्याकडे होते.

डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. ‘मौननायक’ हे नाव तेथे शोभलेच नसते. अस्पृश्यांवरील अन्यायाला वाचा फोडावयास हक्काचे पत्र नाही, हे त्यांनी पहिल्याच अंकात सांगितले. पत्रासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. मूकपण हा स्वभाव नसून कागद, छापखाना आणि पैसा यांचा अभाव आहे, हे याहून स्पष्ट कसे दाखवावे?

म्हणून दफ्तरात शांतता आढळली, की अभ्यासकाने तीन गोष्टी विचाराव्यात. या माणसाला बोलता येत होते काय? बोलल्यास त्याला काय भोगावे लागले असते? आणि दफ्तर कोणाच्या हातात होते? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ‘संमती’ हा शब्द लेखणीखाली येऊ देऊ नये.

श्रोतेहो, आपण माझे बोलणे इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आभारी आहे. आपल्या या शांततेला मात्र मी संमती समजत नाही. जे पटले नसेल ते आता विचारावे. आणि मागच्या बाजूला बसलेल्या भगिनींनी आधी विचारावे, अशी माझी विनंती आहे.