अग्निबाणाचे उड्डाण : तत्त्व व भारतातील विकास

ज्वलनाने निर्माण झालेले वायू अतिवेगाने मागे फेकून त्या प्रतिक्रियेने पुढे जाणाऱ्या वाहनास अग्निबाण किंवा रॉकेट म्हणतात. बाहेर पडणारे वायू हवेला रेटतात म्हणून अग्निबाण वर जातो, हा समज चुकीचा आहे. न्यूटन यांच्या तिसऱ्या नियमानुसार वायूंवर मागे जितकी प्रेरणा लागते, तितकीच अग्निबाणावर पुढे लागते. त्यासाठी हवेची गरज नसते. उलट हवेचा रोध नसल्याने निर्वातात तो अधिक कार्यक्षम ठरतो. मात्र ज्वलनास लागणारा ऑक्सिजन पुरविणारा पदार्थ (ऑक्सिडीकारक) त्याला सोबत न्यावा लागतो.

प्रेरणा : उड्डाणाच्या क्षणी वरच्या दिशेने रेटा व खालच्या दिशेने वजन अशा दोन प्रेरणा प्रमुख असतात. रेटा वजनाहून अधिक झाला, तरच अग्निबाण जमीन सोडतो. वेग वाढू लागताच हवेचा रोध ही तिसरी प्रेरणा जाणवू लागते. इंधन जळत जाते तसे वजन घटते आणि त्याच रेट्याने प्रवेग वाढत जातो. रिकामे झालेले टप्पे टाकून देतात, तेही याच कारणासाठी.

पूर्वेतिहास : अठराव्या शतकात मराठ्यांच्या व इतर भारतीय फौजांत ‘बाण’ वापरात होते. हैदर अली व टिपू सुलतान यांच्या बाणांच्या नळ्या लोखंडी असल्याने त्यांत वायूंचा अधिक दाब सहन होई व पल्ला वाढे. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर (१७९९) असे बाण इंग्लंडला नेण्यात आले आणि विल्यम काँग्रीव्ह यांनी पुढे आपले अग्निबाण तयार केले.

आधुनिक काळ : स्वतंत्र भारतात अवकाश संशोधनाचा आरंभ अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली झाला. बोईसरजवळील तारापूर (आता पालघर जिल्हा) येथील अणुवीज केंद्रही याच विभागाचे. दोन्हींचा आरंभ परदेशी साहाय्याने झाला. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकन होता. तारापूरच्या १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही अमेरिकन होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरच्या समृद्ध युरेनियमाचा पुरवठा अडखळला आणि इंधनासाठी परावलंबी असण्याची किंमत स्पष्ट झाली.

अग्निबाणाच्या बाबतीत हे परावलंबन टाळण्याच्या कार्यात पुण्यात जन्मलेले वसंत रणछोड गोवारीकर (१९३३–२०१५) यांचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमधील संशोधन सोडून ते १९६७ मध्ये थुंबा येथे आले. अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिडीकारक, ॲल्युमिनियमाची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे बहुवारिक यांचे घन इंधन देशातच तयार करण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला.

चार टप्प्यांचे ‘एसएलव्ही–३’ हे वाहन सु. १७ टन वजनाचे व २२ मी. उंचीचे होते. पहिल्या टप्प्याचा रेटा सु. ५०० किलोन्यूटन, म्हणजे वजनाच्या जवळजवळ तिप्पट होता. १० ऑगस्ट १९७९ रोजी ते उडाले, पहिला टप्पा नीट जळाला. परंतु दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील नायट्रिक अम्ल झडपेतून गळून गेले होते. वाहन वळविण्यास लागणारी प्रेरणा मिळेना आणि सु. पाच मिनिटांनी ते बंगालच्या उपसागरात कोसळले. केवळ रेटा पुरेसा नसतो, त्याला दिशाही द्यावी लागते, हे या अपयशाने दाखविले. दोष दूर करून १८ जुलै १९८० रोजी याच प्रकारच्या वाहनाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेला.

पुढे ‘पीएसएलव्ही’च्या पहिल्या टप्प्यात सु. १३८ टन घन इंधन वापरण्यात आले. त्याची आवरणे वालचंदनगर (जि. पुणे) येथेही बनविली गेली, तर दुसऱ्या टप्प्याचे द्रव इंधनाचे ‘विकास’ एंजिन विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार होऊ लागले. तारापूरलाही २००५–०६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्या सुरू झाल्या. एकाच विभागातून निघालेल्या या दोन्ही वाटा अशा रीतीने स्वावलंबनाकडे आल्या.