मीनावहिनींचा आवाज आणि आपल्या धवलेरी

मंडळी, आज थोडा जुना विषय घेतोय. पण शेवटपर्यंत वाचा, तो आपल्या डहाणू-तलासरीपर्यंत येतो.

घरात साठी-सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना एकच विचारा, "मीनावहिनी आठवतात का?" बहुतेकांचा चेहरा खुलेल. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' नावाची कौटुंबिक श्रुतिका लागायची. पात्रं तीनच. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. आवाज बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू यांचे. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. पुढे संगीतकार यशवंत देवांशी लग्न झाल्यावर त्या करुणा देव झाल्या.

आता त्यांचं काम बघा. नाटकात नटीला साडी असते, चेहरा असतो, डोळे असतात. रेडिओत यातलं काहीच नाही. समोर माइक, हातात कागद, आणि त्या कागदाचाही आवाज होता कामा नये. तेवढ्यावर महागाईने वैतागलेली, नवऱ्याला टोमणा मारणारी आणि लगेच हसून घेणारी मध्यमवर्गीय बाई उभी करायची. ऐकणाऱ्याला ती शेजारच्या खोलीतली वाटायची. अभिनय याहून वेगळा काय असतो?

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. खाजगी कंपनी होती. ती बुडाली, सरकारने केंद्र हातात घेतलं आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं. तिकडे अमेरिकेत १९२२ पासूनच स्केनेक्टडीच्या केंद्रावरून नाटकं लागत होती, आणि रोझलिन ग्रीनसारख्या मुली निव्वळ आवाजावर नावारूपाला येत होत्या. आपल्याकडे मात्र 'रेडिओवरची बाई' हीच ओळख पुष्कळ झाली, असं लोक धरून चालले. मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यानंतर चेहरे लक्षात राहिले, आवाज मागे पडले. सिनेमातल्या नटीचा फोटो तरी उरतो. रेडिओतल्या नटीची टेप जपली नाही, तर मागे काहीच उरत नाही.

आता आपल्याकडे या.

आपल्या वारली लग्नात देवचौक लिहिला जातो. तो चौक पुढे जगभर गेला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचा अभिमान आहेच. पण चौकासमोर बसून देवांना बोलावणारी, गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी? ती पण आवाजाचीच कलावंत. तिची गाणी कुठल्या पुस्तकातून आलेली नाहीत, एका बाईकडून दुसरीकडे तोंडी आलेली आहेत. चित्र कागदावर, कापडावर उतरलं आणि विकलंही गेलं. आवाज पाड्यावरच राहिला. एकेक धवलेरी जाते, तशी तिची गाणीही जातात.

यावर उपाय फार लांब नाही. २००६ च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मागता येतो. आपल्याकडे कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, संस्था आहेत, शिकलेली पोरं आहेत. चिकूचा रोग, भाताची लावणी, दवाखान्याची माहिती हे सगळं वारली बोलीत ऐकायला मिळालं तर कुणाला नको आहे? त्यातच रोज अर्धा तास आपल्या आयांचा, आज्यांचा.

परवाना मिळेल तेव्हा मिळेल. मोबाईल तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पाड्यावरच्या म्हातारीजवळ बसा, आधी तिची परवानगी घ्या, मगच रेकॉर्ड करा. आणि फाईलला तिचं नाव द्या. 'एक आदिवासी महिला' असं लिहू नका. पूर्ण नाव, गाव, पाडा.

तुमच्या गावात अशी धवलेरी कोण आहे? तिला विचारून नाव खाली लिहा.