बारगीर आणि बर्गी

बदलीच्या निमित्ताने बंगालात आलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या कानी शेजारच्या अंगाईतील ‘बर्गी’ हा शब्द प्रथम पडतो, तेव्हा ते एखाद्या बागुलबुवाचे नाव असावे असे वाटते. अर्थ कळला की आम्ही दचकतो. तो बागुलबुवा आमच्याकडचाच!

शब्द मूळचा ‘बारगीर’. मराठी फौजेत स्वतःचा घोडा बाळगी तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. शब्दात निंदेचा लवलेश नव्हता. परंतु १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर वारंवार चालून गेल्या, गावे लुटली-जाळली गेली, आणि तेथे बर्गी म्हणजे लुटारू हाच अर्थ रूढ झाला. धास्तीने कलकत्त्याभोवती खणलेला खंदकही मराठ्यांच्याच नावाने ओळखला गेला. १७५१ च्या तहात वार्षिक १२ लाख रुपये चौथाई ठरली, स्वाऱ्या थांबल्या. शब्द मात्र राहिला.

व्युत्पत्ती सांगून शेजाऱ्याची चूक दाखविण्याचा मोह आम्हांस होतो. तो आवरलेला बरा. शब्द आमच्या पागेत जन्मला असेल. त्याचा अर्थ ज्यांची घरे जळाली त्यांनी ठरविला. गैरसमज असलाच, तर तो आमचा.