मद्रासच्या आकाशातील ठिणगी

मार्च १९१०. मद्रासच्या माउंट रोडवर हॉटेल चालवणाऱ्या जाकोमो डी'आंजेलिस या कॉर्सिकन गृहस्थाने स्वतःच्या आराखड्यावरून एक द्विपंखी विमान तयार करवून घेतले. बांधणी केली सिम्पसन कंपनीने, म्हणजे बग्ग्या आणि गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारागिरांनी. विमानाला लहानसे इंजिन बसवले होते. पल्लावरमला चाचणी झाली आणि पुढे आयलंड ग्राउंडवर तिकीट लावून लोकांना उड्डाण दाखवण्यात आले. अलाहाबादेत हेन्री पेके यांनी विमानातून टपाल नेले ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी, म्हणजे मद्रासच्या या उद्योगानंतर सुमारे अकरा महिन्यांनी.

लाकूड, कापड आणि तारा यांचे काम बग्ग्या बांधणाऱ्या हातांना अपरिचित नव्हते. खरी परीक्षा होती इंजिनाची, आणि त्यातही ते सुरू करण्याची. त्या काळच्या बॅटऱ्या जड असत आणि लहान विमानाला एकेक किलो महाग पडे. राइट बंधूंनी १९०३ मध्ये यातून मार्ग काढला होता. इंजिन सुरू करण्यापुरती कोरड्या बॅटऱ्यांची पेटी जमिनीवर ठेवायची आणि एकदा यंत्र फिरू लागले की मॅग्नेटोवर चालवायचे. पेटी विमानाबरोबर उडत नसे.

मॅग्नेटो म्हणजे फॅराडेच्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाच्या नियमाचे अतिशय काटकसरी रूप. इंजिनाच्याच बळावर चुंबकीय क्षेत्र आणि तारेचे वेटोळे एकमेकांच्या सापेक्ष फिरतात, त्यामुळे जाड तारेच्या वेटोळ्यात प्रवाह वाहू लागतो. नेमक्या क्षणी संपर्कबिंदू उघडतात, प्रवाह एकदम तुटतो आणि त्याच गाभ्यावर गुंडळलेल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उसळतो. तो प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडतो. संपर्कबिंदूंना जोडलेला कंडेन्सर तिथली ठिणगी दाबून टाकतो. तो बिघडला तर बिंदू जळतात आणि प्लगकडे जाणारी ठिणगी मरगळते. उच्च दाबाचा असा मॅग्नेटो बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये सिद्ध केला. त्याला बॅटरी लागत नाही, ही त्याची थोरवी.

परंतु त्याची उणीवही तिथेच आहे. दाब फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतो आणि हाताने पंखा फिरवणारा माणूस इंजिनाला कितीसा वेग देणार? शिवाय वेगात चालणाऱ्या इंजिनासाठी ठिणगी दट्ट्या वर पोचण्याच्या बरीच आधी पाडावी लागते. सुरू करताना तीच आगाऊ ठिणगी दट्ट्याला उलट ढकलते आणि पंखा फिरवणाऱ्याच्या मनगटावर झटका देतो. त्यावर पुढे स्प्रिंगचा सांधा आला. तो मॅग्नेटोला क्षणभर अडवून धरतो, दट्ट्या वर येताच झटक्याने सोडतो आणि एकाच वेळी उशिराची पण जोरकस ठिणगी देतो. जुने इंजिन हाताने फिरवताना ऐकू येणारा 'टक्' आवाज त्याचा. तो ऐकू आला नाही, तर जाणता मेकॅनिक पेट्रोलकडे न पाहता आधी तिकडे पाहतो.

आता १९३० कडे येऊ. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला, तर जे. आर. डी. टाटा ३ मे रोजी कराचीहून उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबूकीरच्या धावपट्टीवर जेआरडी उतरले, तेव्हा स्पार्क प्लगांअभावी अस्पी तिथेच अडकून पडले होते. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी ११ मे रोजी कराचीला पोचले आणि थोडक्या फरकाने शर्यत जिंकले. पुढे १९६० मध्ये ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. जेआरडींचे औदार्य आपण नेहमी सांगतो, पण प्लगासारख्या क्षुल्लक वस्तूवाचून विमान का अडावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

जिप्सी इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग, दोन स्वतंत्र मॅग्नेटोंवर चालणारे. म्हणजे एक प्लग गेला तरी इंजिन चालते. पण ही दुसरी ठिणगी हवेतील संकटासाठी राखीव असते. जमिनीवरूनच ती खर्ची घालून समुद्र ओलांडायला निघणे हा वेडेपणा. शिवाय प्लग फसवतो. बाहेर काढून पाहिला तर उघड्या हवेत छान ठिणगी देतो, सिलिंडरमधील दाबाखालच्या वायूत मात्र मुका होतो, कारण दाट वायूतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून अनुभवी माणूस प्लगचा रंग वाचतो. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर. तेलकट ओला असेल तर तेल आत शिरते आहे.

तेलाची ही तक्रार मद्रासच्या पहिल्या टपाल विमानाशीही जोडलेली आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून जुहूपर्यंत टपाल आणले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमान होते पस मॉथ आणि त्याचे १२० अश्वशक्तीचे जिप्सी-३ इंजिन उलटे बसवलेले, सिलिंडर खाली. वैमानिकाला समोरचे नीट दिसावे म्हणून केलेली ही सोय. पण रात्रभर उभ्या विमानात तेल झिरपून सिलिंडरच्या तळाशी, प्लगांच्या बाजूला साचते. अशा वेळी स्विच बंद ठेवून पंखा आधी हाताने सावकाश फिरवायचा आणि अडला तर जोर लावायचा नाही. त्यात मद्रासची समुद्री दमट हवा आणि ऑक्टोबरच्या मध्याला येऊ घातलेला ईशान्य मोसमी पाऊस. ओल्या तारांवरून उच्च दाब वाटेतच निसटतो, प्लगपर्यंत पोचतच नाही.

आणि स्विच 'बंद' या शब्दावर फार विसंबू नये. घरातला दिवा बंद करताना आपण मंडल तोडतो. मॅग्नेटो बंद करताना त्याचा प्रवाह जमिनीशी, म्हणजे इंजिनाच्या धातूशी, जोडून देतो. ती जोडणारी तार तुटली, तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो जिवंत राहतो. म्हणूनच इंजिन चालू असताना एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती घटतात ते पाहतात. फेरे जास्त घटले तर उरलेला मॅग्नेटो किंवा त्याचे प्लग आजारी. अजिबात घटले नाहीत, तर नवशिका खूश होतो. जुना मेकॅनिक मात्र पंख्याजवळच्या माणसाला हाक मारून आधी मागे व्हायला सांगतो.