पुनरावृत्त प्रयोगांतील कालश्रेणींची तुलना

दोन परिस्थितींत एकच प्रयोग अनेकदा करून संवेदकाने नोंदविलेल्या कालश्रेणींमधील फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविण्याच्या सांख्यिकीय प्रक्रियेस कालश्रेणींची तुलना म्हणतात. तापमान, कंपन, बल, विद्युतदाब यांसारख्या सलग मापनांसाठी ती वापरली जाते.

स्वसहसंबंध

कालश्रेणीतील लगतच्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. भट्टीचे तापमान या क्षणी ८०० अंश असेल, तर दशांश सेकंदानंतरही ते जवळपास तेवढेच असते. दुसऱ्या नोंदीने नवी माहिती फारशी मिळत नाही. या गुणधर्मास स्वसहसंबंध म्हणतात. सेकंदाला १० या दराने १० मिनिटांत ६,००० नोंदी जमतात. मात्र लगतच्या नोंदींतील सहसंबंध ०.९ असून तो पुढे प्रत्येक पायरीला त्याच प्रमाणात घटत असेल, तर माध्य काढण्यापुरते त्यांचे मोल सुमारे ३१६ स्वतंत्र नोंदींइतकेच भरते.

छद्म-पुनरावृत्ती

एवढी दुरुस्ती करूनही मूळ प्रश्न उरतोच. प्रयोग नव्याने मांडताना संवेदक किंचित वेगळ्या जागी बसतो, खोलीचे तापमान बदललेले असते. हा फरक एकाच प्रयोगाच्या कितीही नोंदी घेतल्या तरी दिसत नाही. म्हणून मोजणीचे एकक नोंद नसून प्रयोग होय. तीन-तीन प्रयोगांच्या सर्व नोंदी एकत्र करून टी-चाचणी लावल्यास क्षुल्लक फरकही सार्थ ठरतो. या चुकीसाठी ‘छद्म-पुनरावृत्ती’ ही संज्ञा स्टुअर्ट हर्लबर्ट यांच्या परिस्थितिविज्ञानातील १९८४ च्या लेखामुळे रूढ झाली.

पद्धती

प्रत्येक प्रयोगाची कालश्रेणी एकाच संख्येत (माध्य, कमाल मूल्य किंवा स्थिरावण्यास लागलेला वेळ) व्यक्त करून त्या संख्यांची तुलना करणे हा सर्वांत सोपा आणि बहुधा पुरेसा मार्ग आहे. मात्र कोणती संख्या घ्यायची, हे नोंदी पाहण्यापूर्वीच ठरवावे लागते.

संपूर्ण वक्रांची तुलना करताना प्रत्येक क्षणासाठी वेगळी चाचणी घेतल्यास काही क्षण केवळ योगायोगानेच सार्थ ठरतात. यावर एरिक मारिस व रॉबर्ट ओस्टेनव्हेल्ड यांनी २००७ मध्ये मेंदूच्या विद्युत-नोंदींसाठी समूहाधारित क्रमचय चाचणी मांडली. तिच्यात सलग क्षणांचा एक समूह मानतात आणि संपूर्ण प्रयोगांची दोन गटांत पुन्हापुन्हा अदलाबदल करून तेवढा मोठा समूह योगायोगाने किती वेळा मिळतो, ते पाहतात.

येथे प्रयोगांची संख्या निर्णायक ठरते. प्रत्येक गटात तीन प्रयोग असल्यास वाटणीचे प्रकार केवळ २० होतात. द्विपार्श्वी चाचणीत ०.१ पेक्षा लहान संभाव्यता मिळणे शक्यच नसते, मग नोंदी लाखो का असेनात. चार-चार प्रयोग केल्यास प्रकार ७० होतात आणि ही मर्यादा सुमारे ०.०२९ पर्यंत उतरते.