निसर्गाची थट्टा आणि फाटलेली महाधमनी

घोड्यावरून पडलेल्या एका रुग्णाच्या महाधमनीला फुगा आला आहे, हे निदान आंद्रेआस वेसालियसने रुग्ण जिवंत असतानाच केले होते. १५५७ मध्ये शवविच्छेदनाने ते खरे ठरले.

पुढे घोड्याची जागा मोटारीने घेतली. भौतिकी बदलली नाही. आमच्या मारतहळ्ळीच्या आउटर रिंग रोडवर ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन (रात्रीच, दिवसा असा वेग कुणाच्या नशिबी नाही) ०.१ सेकंदात थांबले, तर त्याचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १७ पट भरते. छातीत महाधमनीची कमान तुलनेने सैल असते, तर तिच्या पुढचा भाग कण्यालगत जखडलेला असतो. या दोहोंच्या सांध्यापाशीच भिंत बहुधा फाटते. पार्मली व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये अशा २७५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक जण तत्काळ दगावले होते.

या इतिहासाचा दुसरा धागा अगदी वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. दीर्घकाळ घास गिळताना त्रास झालेल्या एका स्त्रीचे शव तपासून डेव्हिड बेफर्ड या इंग्रज वैद्याने १७८७ मध्ये कारण सांगितले: उजव्या हाताची धमनी कमानीच्या अगदी शेवटी उगवून अन्ननलिकेला दाबत होती. या रचनेला त्याने निसर्गाची थट्टा म्हटले. शंभरात साधारण एकाची धमनी अशी असते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

बरोबर दोनशे वर्षांनी, १९८७ मध्ये, खारकिव्हच्या निकोलाय वोलोदोस यांनी छाती न उघडता, जांघेतून आत नेलेल्या स्टेंट-ग्राफ्टने अपघातात इजा झालेली महाधमनी दुरुस्त केली. त्यांचे लेखन रशियन भाषेत असल्याने पश्चिमेला त्याची दखल उशिरा मिळाली, हे मला या इतिहासातले सर्वांत खटकणारे पान वाटते.

हे दोन धागे आता एकत्र येतात. स्टेंट घट्ट बसायला फाटलेल्या जागेच्या अलीकडे सुमारे २ सेंटीमीटर निरोगी भिंत लागते. नेहमीच्या रचनेत तेथे डाव्या हाताच्या धमनीचे मुख झाकले जाण्याची शक्यता असते, आणि ते पुष्कळदा सोसते. बेफर्डच्या रचनेत मात्र दोन्ही हातांच्या धमन्या तेथेच उगवतात, आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बहुधा त्यांच्यातूनच निघतात. दोन्ही मुखे एकदम झाकणे म्हणजे पक्षाघाताला आमंत्रण. म्हणून वेळ असेल तर शल्यचिकित्सक आधी मानेतील धमनीपासून हाताच्या धमनीपर्यंत रक्ताची पर्यायी वाट जोडतात आणि मग स्टेंट बसवतात. रक्तस्राव थांबत नसेल, तर क्रम उलटा करावा लागतो.