दोन ट्रॉल्यांचा कारवाँ

ऑफिसमधला एक मित्र सध्या ऑनसाइट ऑस्ट्रेलियात आहे. मागच्या महिन्यात त्याने ग्रुपवर फोटो टाकले. लाल माती, सरळसोट रस्ता, गाडीच्या मागे जोडलेला कॅम्पिंग ट्रेलर, त्यात ओटा, पलंग, सोलर पॅनल, सगळं. शेकडो किलोमीटर माणूस दिसत नाही म्हणे. झालं, आमच्या टीममध्ये लगेच साथ पसरली. आपणही कॅराव्हॅन भाड्याने घेऊ, महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा काढलंय, वगैरे वगैरे. एक्सेल शीट तयार झाली. मला विचारलं, "तुमच्या परभणीकडे काय आहे रे बघण्यासारखं?"

मी नेमगिरीची लेणी सांगितली, येलदरी धरण सांगितलं, गंगाखेडचा गोदाकाठ सांगितला. पण खरं सांगायचं तर कॅराव्हॅन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच काहीतरी येत होतं. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड रोडला संध्याकाळी उभे राहा. एक ट्रॅक्टर, मागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत बाजरीची पोती, चुलीची लाकडं, पत्र्याच्या पेट्या, बांबू, ताडपत्री, दोन शेळ्या, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. पोरंसोरं, म्हातारी, सगळी. ऊसतोडीला निघालेली. पाच-सहा महिन्यांचं घर त्या दोन ट्रॉल्यांत असतं.

त्यातले बरेच लोक जिंतूर, गंगाखेड, पालमकडच्या तांड्यांवरचे असतात. आणि गंमत बघा (गंमत म्हणू नये खरं तर), 'तांडा' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी कारवाँ असा आहे. आपण आता त्याला वस्ती समजतो. मूळचा तांडा म्हणजे चालणारी गोष्ट. न थांबणारी.

या वीकेंडला त्याच्यावर थोडं वाचन केलं, ते इथे मांडतो.

बंजारा किंवा लमाण ही भारताची जुनी ट्रान्सपोर्ट कंपनी. लमाण हा शब्द 'लवण' म्हणजे मिठावरून आला असं सांगतात. किनाऱ्यावरचं मीठ आत आणायचं, आतलं धान्य-कापूस बाहेर न्यायचा. गाड्या नाहीत, कारण गाडी चालायला रस्ता लागतो. सगळा माल बैलाच्या पाठीवर, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणीत. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली उत्तरेत धान्य भरलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. पुन्हा वाचा, चौदा हजार. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये त्याच शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहितो. अरुंद रस्त्यात असा तांडा आडवा आला तर तो पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागायचं. (हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल तक्रार करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) हे लोक घरात राहत नाहीत, बायकापोरं सोबत घेऊन जन्मभर हेच काम करतात, असंही तो लिहून ठेवतो.

इंजिनियर असल्यामुळे मला राहवलं नाही, हिशोब केला. एका बैलावर शंभर-सव्वाशे किलो धरा. चौदा हजार बैल म्हणजे साधारण दीड हजार टन. दहा टनी दीडशे ट्रक. आजची एक मालगाडी याच्या दुप्पट माल नेते, पण तिला डिझेल किंवा वीज लागते. तांड्याचं इंधन रस्त्याच्या कडेला फुकट उगवत होतं! बैल चरत चरत जायचे, त्यामुळे दिवसाला सहा-सात मैलांच्या वर चाल नाही, पण खर्च जवळपास शून्य. म्हणून तर ज्वारी-मिठासारखा स्वस्त आणि जड माल शेकडो मैल नेणं परवडायचं. स्पीड कमी, थ्रूपुट प्रचंड. ज्याने कुणी हे डिझाइन केलं त्याला सलाम.

सगळ्यात पुढे शृंगारलेला एक बैल. त्याच्यावर ओझं लादायचं नाही, तो देवाचा. तांड्याचा प्रमुख नाईक, त्याच्या हाताखाली कारभारी. संत सेवालाल महाराज (जन्म १७३९) याच गुरं हाकणाऱ्या, मालवाहतूक करणाऱ्या समाजातले. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या धंद्याचा इतिहास बहुतेक परक्यांनीच लिहिलेला. जे घरचं आहे ते गाण्यांत आणि गोष्टींत आहे.

त्यातली एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. शहाजहानच्या काळात आसफखान दख्खनेत फौज घेऊन उतरला, तेव्हा भंगी आणि जंगी हे दोन नाईक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन त्याच्याबरोबर होते म्हणे. त्यांना सोन्याच्या अक्षरांतला ताम्रपट मिळाला: कुणाच्याही रांजणातलं पाणी घ्या, छपरावरचं गवत काढा, आणि दिवसाला तीन खून माफ. कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात ही हकिकत टिपून ठेवली. आकडे खरे असतीलच असं नाही, पण मुद्दा कळतो. दाणागोटा आणणारा माणूस रुसला तर बादशहाची फौजसुद्धा उपाशी. १८०३ साली वेलस्लीने आपल्या शेजारच्या जालना भागात असईची लढाई जिंकली, तेव्हा त्याच्याही पत्रव्यवहारात या 'ब्रिंजारी' लोकांची सारखी काळजी दिसते. धान्य आलं का, किती बैल आले, कधी येणार. फौजांना यांची इतकी गरज, की दोन्ही बाजू त्यांना सहसा हात लावत नसत.

मग हे सगळं संपलं कसं?

आधी पक्क्या सडका झाल्या, त्यावर बैलगाड्या आल्या. मग रेल्वे. १९०० च्या आसपास मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी-नांदेड अशी निजामाच्या राज्यातली मीटरगेज लाइन सुरू झाली आणि या पट्ट्यात पाठीवरच्या गोणीला काही अर्थच उरला नाही. इंग्रज मुलखात तर १८७१ मध्येच गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. फिरणारा म्हणजे संशयित. काही भागांतल्या बंजाऱ्यांनाही त्यात घातलं. ज्यांच्यासाठी तीन खून माफची गोष्ट सांगितली जायची, त्यांच्या नावावर न केलेले गुन्हे चढले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला गेला, लोकांच्या डोक्यातला नाही.

ऑस्ट्रेलियातही असंच झालंय. तिथल्या वाळवंटात माल नेण्यासाठी १८६० पासून कराचीहून उंट नेले, उंटवाले बलुची, पठाण, पंजाबी. गोरे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे. मोटार आली तशी उंटवाल्यांची रोजी गेली, उंट रानात सोडून दिले. त्यांची आठवण म्हणून तिथल्या ट्रेनचं नाव 'द घान'. मित्राच्या फोटोत मागे जो उंट दिसतोय तो बहुधा त्या उंटांचाच वंशज.

आपल्याकडे ट्रेनला नाव दिलं नाही. एका विद्यापीठाला मात्र दिलं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं, आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने आहे. पुसदजवळच्या गहुलीतला हा बंजारा मुलगा १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षं मुख्यमंत्री होता. मी त्या विद्यापीठाच्या गेटसमोरून हजारदा गेलोय, पण त्या नावाचा आणि तांड्याचा संबंध मला कॉलेज संपेपर्यंत कुणी सांगितला नव्हता. शाळेत निबंध मात्र दरवर्षी लिहायचो, एक जुलै, कृषिदिन.

तांडे डोंगराच्या कडेला थांबले. जमीन मिळाली ती हलकी, मुरमाड. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातली माणसं साखर कारखान्यांकडे जी निघाली, ती अजून जातायत. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो (माणसाचं नाव हत्याराचं, यावर मी वेगळं काय बोलू), कारखाना सांगेल त्या गावात फडाशेजारी कोपी उभी करायची, मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडायचा. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत.

शाळेत माझ्या बाकावर तांड्यावरचा एक मुलगा बसायचा. गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो यायचाच नाही. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की सर पेनाने रेघ मारून पुढे जायचे. पाडव्याच्या सुमारास तो परत यायचा, हाताला उसाच्या पाचटाने कापल्याच्या खुणा. आम्ही त्याला विचारायचो, रोज ऊस खायला मिळतो का रे? आठवीनंतर तो आलाच नाही.

इथे एक गोष्ट राहिली. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि आपल्याकडे विमुक्त जातीत मोडतो. परभणीसुद्धा १९५६ पर्यंत हैदराबादच्याच राज्यात होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद गॅझेटचा विषय निघाला तेव्हा मराठवाड्यातले बंजारा मोर्चे घेऊन रस्त्यावर आले ते याच मुद्द्यावर. मागणी बरोबर की चूक यावर माझ्यापेक्षा जाणकार लोक भांडतायत, त्यात मी पडत नाही. पण चौदा हजार बैलांच्या वाटेवर कुणी रेघ ओढली आणि अलीकडचा भाऊ एक, पलीकडचा दुसरा झाला, हे नकाशा समोर ठेवून पाहिलं की विचित्र वाटतं.

त्या मित्राचा नंबर मध्यंतरी गावाकडून मिळाला. फोन केला. आता त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, कर्जावर, आणि त्याच दोन ट्रॉल्या. यंदा कोल्हापूरकडे निघालाय. मी त्याला आमच्या कॅराव्हॅनच्या प्लॅनबद्दल सांगितलं, एका रात्रीचं भाडंसुद्धा सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "ये की मग इकडंच. ताडपत्री हाय, भाडं नको देऊस." पोरीला यावेळी सोबत नेत नाही म्हणाला, आजीजवळ ठेवलीय, सहावीत आहे.

आमची एक्सेल शीट अजून तशीच आहे. जानेवारीतला एक लाँग वीकेंड मी त्यात कोल्हापूर म्हणून भरून ठेवलाय.